सुधराई

दोन वर्षांपूर्वी अहमदाबादच्या जुन्या शहरावरचा एक गुजराती लेख मराठीत आणत होते. काम सुरळीत चाललं होतं आणि एका शब्दापाशी गाडी अडली. शब्द साधाच होता: 'सुधराई'. गुजरातीत म्युनिसिपालिटीसाठी वापरला जाणारा जुना, घरगुती शब्द. बडोद्याला आमच्या मराठी घरातसुद्धा तो सर्रास असायचा. नळाला पाणी आलं नाही की आजी म्हणायची, "सुधराईत जाऊन विचारा रे कुणीतरी." मराठीत मी 'नगरपालिका' लिहिलं, खोडलं. 'म्युनिसिपालटी' लिहिलं, तेही खोडलं. नगरपालिका नगराचं पालन करते, सुधराई नगर सुधारते. पालनात राखण आहे. सुधारण्यात मोडतोड आहे, खर्च आहे, आणि गावाशी भांडण आहे.

त्या लेखात एक नाव वारंवार येत होतं: रावबहादूर रणछोडलाल छोटालाल. अहमदाबादेत पहिली कापडगिरणी काढणारा माणूस, एवढी त्यांची ओळख मला शाळेपासून होती. हाच माणूस पुढे शहराच्या सुधराईचा अध्यक्ष झाला, मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात बसला आणि उतारवयात नळ आणि गटार या दोन गोष्टींसाठी त्याने स्वतःच्या गावाचा रोष ओढवून घेतला, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. लेख पुरा झाला, मानधन आलं, पण रणछोडलाल डोक्यातून जाईनात. त्याला कारण मी जिथे राहते ती जागा.

मी बंगळुरूला सर्जापूर रोडवर राहते. नाव ज्या गावावरून पडलं ते सर्जापूर इथून आणखी पुढे, अनेकल तालुक्यात. आज या रस्त्याची ख्याती आयटी कंपन्या, उंच इमारती आणि न हलणारी वाहनं यांच्यासाठी आहे. पण म्हैसूर संस्थानाच्या जुन्या गॅझेटियरात सर्जापूरची नोंद सापडते ती कापडासाठी. इथले विणकर एकेकाळी तलम मलमल विणत. मोगल, मग मराठे, मग म्हैसूर अशा बदलत्या राजवटींखाली हे गाव जहागिरीचं ठाणं होतं. गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि तलम माल मागे पडून जाडंभरडं कापड तेवढं उरलं. हिंदुस्थानातल्या कितीतरी विणकरगावांची हीच कथा आहे. रणछोडलालांची कथा तिची दुसरी बाजू म्हणता येईल: जे यंत्र गावाचा हातमाग मोडत होतं तेच यंत्र आपल्याच शहरात आणून उभं करायला निघालेल्या माणसाची.

*

रणछोडलालांचा जन्म १८२३चा. जात साठोदरा नागर ब्राह्मण. नागरांचा पिढीजात व्यवसाय लेखणीचा: फारसी शिकायची, दरबारात किंवा कचेरीत बसायचं, राज्य बदललं की नव्या राज्याची भाषा शिकायची. अहमदाबादच्या शहरी कारभारात अठराव्या शतकाच्या मध्यापासून मराठ्यांचा हात होता. पेशवे आणि गायकवाड असे दोघांचे वाटे होते. गायकवाडांची हवेली अजून तिथे उभी आहे. १८१७-१८च्या सुमाराला शहर इंग्रजांकडे गेलं, म्हणजे रणछोडलाल जन्मले तेव्हा इंग्रजी अंमलाला जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. त्यांनी फारसी आणि संस्कृतबरोबर इंग्रजीही शिकून घेतली आणि कंपनी सरकारच्या नोकरीत कारकून म्हणून शिरले.

तिथून ते रेवाकांठ्याच्या पोलिटिकल एजंटच्या हाताखाली गेले. रेवाकांठा म्हणजे नर्मदेच्या आजूबाजूची लहानमोठी संस्थानं. तिथले एजंट मेजर फुलजेम्स यांना कापूस आणि यंत्रं या दोन्ही विषयांत रस होता. गुजरातचा कापूस गाठोडी बांधून लँकेशायरला जातो आणि कापड होऊन परत येतो, तर ते कापड इथेच का होऊ नये, हा प्रश्न या सहवासात रणछोडलालांच्या मनात रुजला. १८४०च्या दशकाच्या अखेरीपासून ते गिरणीचा विचार करत होते. त्या वेळी मुंबईतसुद्धा कापडगिरणी नव्हती; कावसजी दावरांची ताडदेवची गिरणी चालू झाली ती १८५६मध्ये.

अडचण भांडवलाची होती. अहमदाबादेत पैसा होता, पण तो वाणी शेटसावकारांकडे, सराफांकडे, आणि त्याला हुंडी, अफू, कापूस, धान्य या वाटा ओळखीच्या होत्या. विलायतेहून लोखंड आणून जमिनीत पुरायचं ही गोष्ट त्यांच्या हिशेबात बसत नव्हती. त्यात सांगणारा माणूस कोण, तर कचेरीतला नागर कारकून. रणछोडलालांनी योजना छापून लोकांपुढे ठेवली. पैसे जमले नाहीत.

मग नोकरीच गेली. पंचमहाल हा मुलूख तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा. १८५३मध्ये तो कारभारापुरता इंग्रजांकडे आला आणि तिथे रणछोडलाल मोठ्या जबाबदारीवर होते. लाचेच्या आरोपावरून त्यांना सरकारी नोकरीतून काढण्यात आलं. तिशी ओलांडलेला, घराण्याची अब्रू लेखणीवर उभी असलेला माणूस डाग घेऊन गावी परतला. चरित्र लिहिणाऱ्यांना ही घटना एका वाक्यात उरकायची घाई असते. मला ती त्यांच्या आयुष्याचा सांधा वाटते. नोकरी टिकली असती तर ते बहुधा एक चांगले दप्तरदार म्हणून निवृत्त झाले असते. कचेरीचं दार बंद झालं म्हणून गिरणीचं उघडावं लागलं. आणि पुढे तेच सरकार त्यांना रावबहादूर, सी.आय.ई. करणार होतं, कायदेमंडळात नेमणार होतं, हा त्या काळाचा विनोद.

*

अखेर 'अहमदाबाद स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' उभी राहिली. काही शेटांनी भाग घेतले. यंत्रांची मागणी नोंदवायला विलायतेत ओळखीचा माणूस हवा होता. तो मिळाला दादाभाई नौरोजींच्या रूपात. दादाभाई १८५५पासून लंडनमध्ये व्यापारात होते. हिंदुस्थानचा पैसा इंग्लंडला कसा वाहून जातो याचा हिशेब पुढे जगापुढे मांडणारा माणूस हिंदुस्थानच्या एका सुरुवातीच्या गिरणीची यंत्रं मिळवून देत होता.

पहिल्या खेपेची यंत्रं समुद्रातच गेली. दुसरी खेप खंभातच्या बंदरात उतरली. तिथून अहमदाबादपर्यंत रेल्वे नव्हती. चात्यांच्या चौकटी, बॉयलर, चाकं असं सगळं लोखंड बैलगाड्यांवर चढलं आणि कच्च्या वाटेने शहराकडे निघालं. ३० मे १८६१ रोजी गिरणी सुरू झाली. चात्या २,५००, कामगार साठपासष्ट. आजच्या मानाने एखादा मोठा कारखानासुद्धा म्हणता येणार नाही.

वेळही नामी निवडली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरला जाणारा अमेरिकन कापूस आटला आणि गुजरात-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या पैशाने जे वेड माजलं त्याच्या कथा मराठी वाचकाला माहीत आहेत: बॅक बेच्या भरणीचे भाग, प्रेमचंद रायचंद, आणि १८६५चा कोसळता बाजार. कापूस विकणाऱ्यांची चंगळ होती, पण कापूस विकत घेऊन सूत काढणाऱ्या गिरणीला हा काळ कठीण होता. रणछोडलालांची गिरणी त्यातून तगली. ती टिकली म्हटल्यावर शेटांची भीड चेपली. एकामागून एक गिरण्या निघाल्या आणि शतक संपेपर्यंत साबरमतीच्या काठी धुरांड्यांची रांग उभी राहिली. मुंबईत पारशी, भाटिया, इंग्रज असे अनेक हात होते. अहमदाबादची गिरणी मात्र जवळजवळ सगळी गावच्या पैशावर चालली. मालकांची घरं पोळीत आणि गिरणी कोटाबाहेर, हाकेच्या अंतरावर.

'पोळ' म्हणजे एकच दरवाजा असलेली गल्लीबोळांची वस्ती, बहुधा एका जातीची किंवा धंद्याची. मराठीत आळी म्हणावं तर दरवाजा सुटतो, वाडा म्हणावं तर गल्ली सुटते. मी पोळच ठेवलं. रात्री दरवाजा लागला की पोळ हेच एक गाव. कारभार पंचांचा, पाणी आपलं, कचरा आपला. रणछोडलाल पुढे ज्याच्याशी भांडले ते हेच गाव.

*

लॉर्ड रिपन यांनी १८८२मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. शहरांचा कारभार हळूहळू लोकांच्या हाती द्यावा असं त्यात होतं. १८८४च्या मुंबईच्या कायद्याने म्युनिसिपालिट्यांत निवडून दिलेले सभासद आले. त्याच दशकात रणछोडलाल अहमदाबादच्या सुधराईचे अध्यक्ष झाले. त्या खुर्चीत बसणारे ते पहिले हिंदी. सभासदांतले काही निवडलेले, काही नेमलेले. अध्यक्ष मात्र सरकारने नेमलेला. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण तिच्यातच त्यांची ताकद आणि त्यांचं वैगुण्य दोन्ही आहेत.

शहराची अवस्था काय होती? विहिरींचं पाणी बरंचसं मचूळ. पिण्याचं पाणी नदीवरून आणावं लागे. ऐपतदार घरांच्या चौकाखाली टांकं असे: चुन्याने गिलावा केलेलं, तळघरासारखं, पावसाचं पाणी वर्षभर साठवणारं. मराठी वाचकाने गडावरचं टाकं आठवावं. शब्दही तोच आहे. आणि सांडपाण्यासाठी 'खाळकुवा'. खाळ म्हणजे मोरी, कुवा म्हणजे विहीर. मोरीची विहीर: मैला आणि सांडपाणी जमिनीत मुरवणारा खोल खड्डा. शतकानुशतकं एकाच जमिनीत गोडं पाणी साठवायचं आणि घाण मुरवायची. कॉलरा आणि तापाच्या साथी येत-जात राहायच्या.

रणछोडलालांनी दोन योजना पुढे रेटल्या. नदीकाठी दूधेश्वरला पाणी उपसून नळाने शहरात आणायचं, आणि जमिनीखालून बंद गटारं टाकून घाण शहराबाहेर न्यायची. दोन्हीला कर लागणार होता, कर्ज लागणार होतं आणि पोळीच्या दरवाजातून आत शिरून जमीन खणावी लागणार होती.

गाव उठलं. सभा भरल्या, सरकारकडे अर्ज गेले. पैशाची उधळपट्टी आहे, बापजाद्यांनी कधी असलं केलं नाही, जमिनीखालचं गटार तुंबलं तर विषारी वाफा घरात येतील, गरिबांवर कर बसेल. यातले सगळे आक्षेप अडाणी नव्हते. तुंबलेल्या गटाराची भीती तेव्हाच्या विलायती शास्त्राच्या पुस्तकांतही होती. कर बसणार होता हेही खरं. पण एक गोष्ट मला हळूहळू दिसू लागली. ज्याच्या चौकाखाली भरलेलं टांकं आहे त्याला नळाची निकड वाटत नाही. ज्याचा खाळकुवा अजून भरला नाही त्याला गटाराची निकड वाटत नाही. आणि सभेत बोलण्याइतका आवाज असलेल्या बहुतेक घरांत टांकं होतं.

रणछोडलाल हटले नाहीत. १८९१मध्ये दूधेश्वरचं पाणी शहरात आलं. गटाराचं काम शहराच्या एका भागापुरतं सुरू झालं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं हिंदुस्थानातल्या आरोग्याच्या प्रश्नांकडे लंडनहून बारीक लक्ष असे; पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा या विषयावर पत्रव्यवहार होता. अहमदाबादच्या या कामाला त्यांनी पाठबळ दिलं. गावाने मात्र लगेच कौतुक केलं नाही. नळाला पाणी आलं म्हणून कुणी पालखी काढत नाही. नळाचं यश म्हणजे नळाचा विसर पडणं.

*

इथे अनुवादक म्हणून मला दुसरा एक शब्द आठवत राहतो. १८८८मध्ये पुण्यात आगरकरांनी 'सुधारक' सुरू केलं. १८९१मध्ये, दूधेश्वरचं पाणी आलं त्याच वर्षी, संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र दुभंगला होता. 'सुधारणा' हा शब्द मराठीत त्या वर्षांत बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण, शास्त्रार्थ यांनी भरलेला होता. शेजारच्या गुजरातीत त्याच धातूपासून आलेला शब्द नळाच्या तोटीवर बसला होता. मराठी 'सुधारक' म्हणजे घरातल्या माणसांचं नातं बदलू पाहणारा. गुजराती 'सुधराई' म्हणजे घराखालची जमीन खणणारी. दोघांना विरोध मात्र एकाच भाषेत झाला: आमच्या घरात बाहेरच्याने शिरायचं काय कारण?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुण्यात १८९७मध्ये काय झालं ते आपल्याला पाठ आहे. प्लेगच्या बंदोबस्तासाठी सोल्जर घरांत शिरले आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. आरोग्य हा हेतू कितीही चांगला असो, तो कुठल्या दाराने, कुणाच्या हुकुमाने, कुठल्या भाषेत घरात येतो यावर पुष्कळ काही ठरतं. रणछोडलालही सरकारच्या पाठबळावर उभे होते. पण ते त्याच पोळीतले होते, त्याच भाषेत शिव्या खाणारे होते. त्यांच्या विरोधात सभा भरवता येत होती, अर्ज करता येत होता, आणि त्या अर्जाला उत्तर द्यावं लागत होतं. अहमदाबादेत भांडण वर्षानुवर्षं चाललं, पण ते भांडणच राहिलं.

मुंबईच्या कायदेमंडळातली त्यांची जागाही याच जातीची होती: नेमणुकीची. १८९२च्या आधीच्या त्या मंडळात सभासदाला प्रश्न विचारायचा हक्क नव्हता, अंदाजपत्रकावर चर्चा नव्हती. समोर आलेल्या विधेयकावर बोलायचं, एवढंच. दादाभाई, न्यायमूर्ती रानडे, तेलंग अशी माणसं त्या दशकात त्या मंडळात होती. टिळक निवडून गेले ते १८९५मध्ये. आज 'राज्याचा राजकारणी' म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं, म्हणजे मतदारसंघ, मिरवणूक, जाहीरनामा, त्यातलं काहीही रणछोडलालांपाशी नव्हतं. त्यांचं राजकारण टिपणं, अंदाज, कर्जाचे व्याजदर आणि सभावृत्तान्त यांचं होतं. गिरणीच्या हिशेबाला बसलेला माणूस शहराच्या हिशेबाला बसला.

आणि त्या हिशेबात एक रकाना रिकामा होता. तो कामगारांचा. १८८१चा पहिला फॅक्टरी कायदा सात वर्षांच्या आतल्या मुलांना गिरणीत घ्यायला मनाई करतो आणि बारापर्यंतच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घालतो. म्हणजे त्याआधी काय चालत असेल ते ओळखावं. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्र चाले. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन हजारोंच्या सह्यांचा अर्ज केला. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. लोखंडे १८९७मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ऑक्टोबर १८९८मध्ये, रणछोडलाल गेले. एकाच इलाख्यातली, एकाच धंद्यातली ही दोन माणसं. एकाने गिरणीच्या आतल्या हवेबद्दल अर्ज केले, दुसऱ्याने गिरणीबाहेरच्या शहराच्या पाण्याबद्दल. कोटाबाहेरच्या चाळींपर्यंत गटार पोचायला मात्र फार वर्षं लागली. सुधराई आधी सुधारते ती मतदाराची गल्ली, आणि तेव्हा मत कराच्या पावतीवर मिळत असे.

तरीही काहीतरी मागे राहिलं. १९१७मध्ये वल्लभभाई पटेल नावाचे एक बॅरिस्टर त्याच सुधराईत निवडून गेले; १९२४ ते १९२८ ते तिचे अध्यक्ष होते. पाणी आणि गटार हेच त्यांचेही विषय. सरदारांचं राजकारण जिथे पिकलं ती जमीन रणछोडलालांनी खणलेली होती. त्यांचे नातू चिनुभाई १९१३मध्ये बॅरोनेट झाले, हा किताब मिळालेले पहिले हिंदू. अहमदाबादेत रणछोडलालांच्या नावाच्या शिक्षणसंस्था आहेत. पहिली गिरणी इतिहासात गेली. नळ अजून आहे.

*

आता सर्जापूर रोडवर परत येते, कारण हे सगळं मी वाचत होते तेव्हा आमच्या सोसायटीत एक भांडण चाललं होतं.

हा भाग बंगळुरू महानगराच्या हद्दीत आला तो २००७मध्ये, आजूबाजूच्या एकशेदहा खेड्यांबरोबर. इमारती त्याच्या आधीपासून उठत होत्या; कावेरीचं पाणी पोचलेलं नव्हतं. प्रत्येक सोसायटीने आपापली बोअरवेल खणली, ती आटली की टँकर लावले, सांडपाण्यासाठी आवारातच शुद्धीकरण यंत्र बसवलं. दरवाजावर पहारा, आत आपलं पाणी, आपली घाण, आपले पंच. इथून जवळच बेळ्ळंदूर तळं आहे. शहराच्या सांडपाण्याने त्याच्यावर साबणासारखा फेस उठून रस्त्यावर आला, आणि २०१७मध्ये त्या तळ्याला आग लागली. पाण्याला आग लागलेली माझ्या मुलीने टीव्हीवर नव्हे, धुरात पाहिली.

मार्च २०२४मध्ये पाण्याचे हाल झाले. टँकरचे भाव चढले, गाड्या धुणं बंद झालं, कारंजं बंद झालं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का कलबुर्गीकडच्या. मोडक्या मराठीत आणि माझ्या मोडक्या कन्नडात आमचं चालतं. त्या जवळच्या पत्र्याच्या शेडांत राहतात. तिथे टँकर आठवड्यातून एकदा यायचा तोही येईना. त्या दोन रिकाम्या कळश्या घेऊन यायच्या आणि काम झालं की आमच्या नळावर भरून न्यायच्या. पाहरेकऱ्याने एकदा हटकलं, तेव्हा मी खाली जाऊन भांडले. मला माझंच कौतुक वाटलं होतं.

त्याच ऑक्टोबरमध्ये कावेरीच्या पाचव्या टप्प्याचं उद्घाटन झालं. या एकशेदहा खेड्यांसाठी पाणी आलं. जोडणी घ्यायची तर इमारतीच्या आकाराप्रमाणे रक्कम भरावी लागणार होती. आमच्या वाट्याला प्रत्येक घरामागे बरीच येत होती. सोसायटीची सभा भरली. सूर साधारण एकच होता: आपलं चाललंय ना? टँकर आहे, बोअर पुन्हा भरली आहे, पाऊस चांगला झाला. सरकारी पाणी रोज येईल याची खात्री काय? खणाखणीत आतल्या फरशा जातील. जोडणी पुढच्या वर्षी बघू, अशा अर्थाचं एक पत्र फिरत होतं. सहीची जागा रिकामी ठेवून ते माझ्याकडेही आलं. त्या महिन्यात मुलीची फी भरायची होती. मी सही केली.

काही आठवड्यांनी अहमदाबादवरचं आणखी वाचन करताना त्या अर्जांपाशी पोचले. उधळपट्टी, खणाखणी, खात्री काय, पुढे बघू. हसू आलं आणि लगेच ओशाळं झालं. इतके दिवस मी मनातल्या मनात रणछोडलालांच्या बाजूने बसले होते. पण त्या गोष्टीत माझी जागा दुसरीकडे होती: चौकाखाली टांकं असलेल्या घरात. अक्कांना कळशी भरू देणं हा टांकंवाल्याचा दानधर्म. रस्त्याखालून जाणाऱ्या नळात पैसे घालणं ही सुधराई. कारण आमच्यासारख्या मोठ्या इमारती आधी जोडल्या गेल्या, पैसे भरले गेले, तक्रारी करणारे लोक त्या नळावर अवलंबून झाले, तरच तो नळ पुढच्या शेडांपर्यंत जायची शक्यता. जोवर आवाज असलेल्यांचं टांकं वेगळं, तोवर नळाला कुणी वाली नाही.

मी पुढच्या सभेत उठून हे बोलले. रणछोडलालांचं नाव घेतलं नाही. इंग्रजीत, हिंदीत आणि थोडं कन्नडात जमेल तसं सांगितलं, आणि आपली सही मागे घेते म्हटलं. तमिळ बोलणारे एक निवृत्त इंजिनिअर माझ्या बाजूने उभे राहिले. त्यांनी आठवण करून दिली की बंगळुरूला पहिलं नळाचं पाणी हेसरघट्ट्याहून आलं ते १८९६च्या सुमाराला, दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात, आणि तेव्हाही ते कुणाला तरी महागच वाटलं असणार. लोक हसले. ठराव त्या दिवशी पास झाला नाही. तिसऱ्या सभेत चार मतांनी झाला. रणछोडलालांना हवं होतं तेव्हा त्यांच्यामागे सरकार होतं. आमच्यामागे चार मतं होती. मला ही चार मतं जास्त आवडली, पण त्यांना वेळ किती लागतो हेही कळलं, आणि तेवढ्या वेळात उन्हाळा येतो.

गेल्या महिन्यात त्या गुजराती लेखाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासायला आली. संपादकांनी समासात विचारलं होतं, 'सुधराई'ऐवजी 'नगरपालिका' चालेल का, वाचक अडखळेल. मी कळवलं की अडखळू दे. बाहेर रस्त्याच्या कडेला चर खणला होता, निळा नळ अजून उघडा पडला होता, आणि सर्जापूरकडे जाणारी सगळी वाहनं त्याला वळसा घालून, हॉर्न वाजवत, खणणाऱ्यांना शिव्या देत चालली होती.